नळाला भोक, भोकाला आटे

आमच्या चांदवडला उन्हाळा लागला की चार माणसे जमली तरी बोलणे पाण्याचेच निघते. तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यातला. पुष्कळ गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी टाकीभर पाणी वाया घालवणे हा लहानसा अपराधच म्हणायचा. तो माझ्या हातून एकदा घडला आहे, आणि आजचा लेख त्यातूनच सुचला.

गच्चीवरच्या टाकीतून एक दीड इंची लोखंडी नळ खाली येतो. त्याला मधेच अर्ध्या इंचाची तोटी बसवली तर परसातल्या झाडांना पाणी घालणे सोपे होईल, असे मला वाटले. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. मळसूत्र हे साधे यंत्र कसे चालते ते दर वर्षी फळ्यावर काढून दाखवतो. मग मिस्त्रीला कशाला बोलवायचे? ओळखीच्या एका वर्कशॉपमधून ड्रिल आणि आटे पाडायचा टॅप आणला, नळाला भोक पाडले, भोकात आटे पाडले आणि तोटी पिळून बसवली. पाणी सोडल्यावर बुडाशी थेंब दिसू लागले. म्हणून पान्याने आणखी अर्धा फेरा दिला, तर तोटी घट्ट होण्याऐवजी हाताला ढिली लागली. रात्र झाली होती. थोडीशी तर गळती आहे, असे म्हणून चिंधी गुंडाळली आणि झोपलो. पहाटे पाहतो तो तोटी निखळून पडलेली आणि टाकी रिकामी!

सकाळी मिस्त्री आले. त्यांनी भोकात बोट फिरवले आणि म्हणाले, "सर, आटे झकास पाडलेत तुम्ही. पण ते धरणार कशाला? भिंत आहे कुठं?"

फळ्यावरचे मळसूत्र मला येत होते, पण नळाच्या भिंतीचा हिशेब मी केला नव्हता. तो हिशेब आज आपण मिळून करू.

आटा म्हणजे गुंडाळलेली उतरण

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीभोवती वळसे घेत वर चढलेली दिसेल. हाच आटा. म्हणजे आटा ही दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण होय.

अर्ध्या इंची नळाच्या आट्यांचे माप घेऊ. एका इंचात १४ आटे असतात, म्हणून शेजारच्या दोन आट्यांतले अंतर १.८१ मि.मी. भरते. कारखान्यात याला 'पिच' म्हणतात. आट्यांचा सरासरी व्यास सुमारे १९.८ मि.मी. म्हणून एका फेऱ्यात आट्यावरून ६२ मि.मी. वाट चालावी तेव्हा १.८१ मि.मी. चढ होतो. याचा अर्थ ३४ पावलांना एका पावलाचा चढ. चांदवडहून मालेगावकडे जाताना राहूड घाट लागतो. घाटाचा रस्ता वळसे घेत जातो तो अशासाठीच, की चढ सौम्य व्हावा आणि जड मालमोटारीलाही तो चढता यावा.

आता पान्याचा विचार करा. पान्याची मूठ नळाच्या मध्यापासून ४० सें.मी. दूर धरली, तर एका फेऱ्यात हात सुमारे २५१ सें.मी. फिरतो आणि तोटी १.८१ मि.मी. पुढे सरकते. घर्षण मुळीच नसते तर हाताच्या जोराच्या सुमारे १,४०० पट जोर आट्यांवर पडला असता! प्रत्यक्षात बहुतेक श्रम घर्षणात खर्च होतात. तरीही जो जोर उरतो तो पातळ आटे ओरबाडून काढायला पुरेसा असतो. माझा तो शेवटचा अर्धा फेरा आठवा.

पण घर्षणाला नावे ठेवू नका. या उतरणीचा कोन जेमतेम पावणेदोन अंशांचा आहे. धातूवर धातू घसरायला त्याहून खूपच मोठा कोन लागतो. घर्षणांक ०.१५ धरला तर तो साडेआठ अंश येतो. म्हणून पिळून बसवलेली तोटी पाण्याच्या दाबाने आपणहून उलटी फिरत नाही.

अर्धा इंच आहे तरी कुठे?

घरातल्या अर्ध्या इंची लोखंडी नळाचा बाहेरचा व्यास मोजा. तो २१ मि.मी. च्या थोडा वर, म्हणजे इंचाच्या ८४ शतांश भाग भरेल. आतली पोकळी सुमारे १६ मि.मी. आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी., आणि ते माप कुठेच सापडत नाही! जुन्या काळी नळाच्या भिंती जाड असत आणि पोकळी अर्ध्या इंचाच्या आसपास असे. पुढे धातू सुधारला, भिंती पातळ झाल्या. परंतु बाहेरचा व्यास बदलला असता तर जुन्या नळांना नवे आटे बसले नसते. म्हणून बाहेरचे माप तसेच राहिले, पोकळी वाढली आणि जुने नाव टिकून राहिले.

आटे एकमेकांत बसण्याचे महत्त्व प्रथम नेटाने मांडले ते इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रज्ञाने. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. व्हिटवर्थने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट जमवून मापले आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली. त्याच्या आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंशांचा होता. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, तरी नळाचे आटे आजही याच ५५ अंशांचे आणि इंचाच्या हिशेबाचे आहेत. भारतीय मानक क्रमांक ५५४ मध्ये त्यांची मापे दिलेली आहेत. त्यामुळेच नळ एका राज्यात तयार झाला आणि तोटी दुसऱ्या राज्यात, तरी चांदवडच्या दुकानात ती दोन्ही एकमेकांत बसतात.

ड्रिल कसे कापते?

आता भोकाकडे वळू. ड्रिलचे टोक जवळून पाहा. त्याला दोन धारा असतात आणि त्या मिळून सुमारे ११८ अंशांचा कोन करतात. कापण्याचे काम या दोन धारा करतात. अंगावरच्या पिळदार खाचांचे काम निराळे आहे. कापलेला कीस त्यांतून बाहेर येतो आणि थंड करणारे तेल आत उतरते.

ड्रिलच्या अगदी मध्यभागी काय होत असेल? फिरणाऱ्या वस्तूचा वेग मध्याकडे जावे तसा कमी होतो आणि केंद्रावर शून्य होतो. वेगच नाही तर कापणार कसे? मध्यावरची बोथट कड धातू कापत नाही, ती त्याला नुसती रेटते. मोठे ड्रिल दाबायला इतका जोर लागतो तो या कडेमुळे. म्हणून कसबी कारागीर आधी लहान ड्रिलने भोक पाडतो आणि मग मोठे ड्रिल घालतो. मोठ्या ड्रिलच्या मध्याला मग कामच उरत नाही.

ड्रिलचा वेगही हिशेबानेच ठरतो. मृदू पोलाद कापताना हायस्पीड पोलादाच्या ड्रिलची धार मिनिटाला साधारण २५ मीटर या वेगाने चालावी. त्या हिशेबाने ६ मि.मी. च्या ड्रिलला मिनिटाला सुमारे १,३०० फेरे चालतात, पण १९ मि.मी. च्या ड्रिलला सुमारे ४००च. मोठे ड्रिल लहानाच्या वेगाने फिरवले तर धार तापते, मऊ पडते आणि जळते.

नळ गोल असल्याने आणखी एक अडचण येते. ड्रिलचे टोक त्याच्या पाठीवरून घसरते. म्हणून आधी सेंटर पंच ठोकून खळगा पाडायचा, नळ व्ही आकाराच्या ठोकळ्यावर ठेवून पक्का आवळायचा आणि मगच ड्रिल लावायचे. एक गोष्ट मात्र कधी विसरू नका. ड्रिल चालवताना डोळ्यांवर चष्मा हवा. हातमोजे किंवा लोंबती बाही नको, कारण ती ड्रिलमध्ये गुंतली तर हात ओढला जातो. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे.

टॅपचे काम

भोकाच्या आतून आटे पाडणाऱ्या हत्याराला टॅप म्हणतात. कठीण पोलादाच्या स्क्रूला उभ्या खाचा पाडल्या आणि त्यामुळे तयार झालेल्या कडांना धार दिली की झाला टॅप. भोक किती मोठे पाडायचे याचा सोपा नियम आहे: आट्यांच्या बाहेरच्या व्यासातून एक पिच वजा करा. अर्ध्या इंची तोटीच्या आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९६ मि.मी. आहे. त्यातून १.८१ गेले, उरले १९.१५. म्हणून १९ मि.मी. चे ड्रिल घेतात. भोक लहान पडले तर टॅप अडकून मोडतो आणि मोठे झाले तर आटे उथळ पडतात.

टॅप कठीण असतो आणि म्हणून ठिसूळही असतो. त्याला पीळ सोसतो पण वाक सोसत नाही. तो सरळ धरून थोडा पुढे फिरवायचा आणि मग थोडा मागे घ्यायचा. मागे फिरवताना बारीक 'कट' असा आवाज येतो. तो कीस तुटल्याचा आवाज. पोलादाचा कीस लांब वेटोळे करतो आणि खाचांत तुंबतो, म्हणून त्याला तेल लागते. बिडाचा कीस भुकटीसारखा पडतो. बिडातल्या कार्बनचा बराच भाग ग्रॅफाइटच्या रूपात असतो आणि तेच वंगणाचे काम करते. म्हणून बिडात आटे कोरडेच पाडले तरी चालतात.

भिंतीचा हिशेब

आता मिस्त्रींच्या प्रश्नाकडे येऊ. माझ्या दीड इंची नळाचा बाहेरचा व्यास ४८.३ मि.मी. आणि भिंतीची जाडी ३.२ मि.मी. होती. पिच १.८१. भागाकार केला तर भिंतीत पावणेदोन आटे बसतात. तेही नळ सपाट असता तर! नळ गोल आहे, त्यामुळे भोकाच्या चारही बाजू एका पातळीत नसतात.

पायथागोरसच्या प्रमेयाने हे तपासू. नळाच्या मध्यापासून वरची उंची मोजा. भोकाच्या ज्या कडा नळाच्या लांबीच्या दिशेला आहेत, तिथे भिंत २०.९५ पासून २४.१५ मि.मी. उंचीपर्यंत आहे. ज्या कडा आडव्या दिशेला आहेत, त्या मध्यरेषेपासून ९.५ मि.मी. दूर आहेत. तिथे भिंतीचा वरचा काठ २४.१५ च्या वर्गातून ९.५ चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढले की मिळतो. तो येतो २२.२ मि.मी. याचा अर्थ, सगळीकडून धातू मिळेल असा पट्टा फक्त २०.९५ ते २२.२ एवढा, म्हणजे सव्वा मि.मी. रुंद. एका पिचपेक्षाही कमी! माझ्या तोटीला सलग एक पूर्ण आटासुद्धा मिळालेला नव्हता. बाकीचे नुसते तुकडे होते. पान्याचा जोर त्या तुकड्यांवर पडला आणि ते तुटले.

योग्य सांध्यात काय असते? अर्ध्या इंची नळाच्या टोकावर कामाला येणारे आटे सुमारे १३ मि.मी. लांबीचे, म्हणजे सात असतात. शिवाय हे बाहेरचे आटे किंचित निमुळते असतात. दर १६ मि.मी. लांबीला व्यास १ मि.मी. ने वाढतो. त्यामुळे पिळत जावे तसे ते पाचरीसारखे घट्ट बसतात. तरी आट्यांच्या माथ्याशी बारीक फट राहतेच. ती भरायला पूर्वी ताग आणि सफेदा लावत. आता बहुधा टेफ्लॉनची फीत गुंडाळतात. फीत फट भरते, भार पेलत नाही. भार पेलायला आटेच हवेत.

मिस्त्रींनी माझा नळ कापला. टोकांना आटे पाडून मधे 'टी' बसवली आणि जवळच एक 'युनियन' घातला. युनियन कशाला? दोन्ही बाजूंना पक्का असलेला नळ फिरवता येत नाही, आणि नळ फिरवल्याशिवाय आटे लागत नाहीत. युनियनमध्ये नळ स्थिर राहतो आणि मधला नट तेवढा फिरतो. नळ कापायचा नसेल तर बाहेरून सॅडल आवळता येते. तिच्या जाड अंगात पुरेसे आटे असतात, भोक फक्त पाण्याला वाट देते. आमच्याकडच्या द्राक्षांच्या आणि डाळिंबांच्या बागांत ठिबकसाठी प्लॅस्टिकच्या नळाला भोके पाडतात. तिथे शेतकरी आटे पाडायच्या भानगडीत पडतच नाही. तो भोकात रबरी ग्रोमेट बसवतो. पातळ भिंतीला आट्यांचे काम सांगू नये, हे त्याला ठाऊक असते.

वाहत्या नळाला भोक

मग रस्त्याखालच्या मोठ्या बिडाच्या नळाला घरगुती जोडणी देताना आटे सरळ त्याच्या भिंतीतच कसे पाडतात? त्याची भिंत जाड असते. १०० मि.मी. पोकळीच्या नळाची भिंत ८ मि.मी. धरा आणि वरचाच हिशेब करा. नळ मोठा असल्याने गोलाईचा तोटा एक मि.मी. हूनही कमी येतो आणि सलग चार आटे मिळतात. तोटी तीच, टॅप तोच, फरक फक्त भिंतीचा.

हे काम पाणी बंद न करताही करता येते. त्यासाठीचे यंत्र साखळीने नळाला आवळतात. त्याच्या हत्याराचे टोक ड्रिलचे आणि वरचा भाग टॅपचा असतो. एकाच दांड्याने आधी भोक पडते आणि लगेच आटे. भोवती बंद पेटी असल्याने पाणी बाहेर उडत नाही. मग हत्यार वर घेऊन पेटीतली झडप मिटतात आणि हत्याराच्या जागी जोडणीची फेरूल लावून ती आत पिळतात. अमेरिकेतल्या डिकेटर या गावच्या हिरोनिमस म्युलर या कारागिराने अशा हत्याराचे पेटंट १८७२ मध्ये घेतले होते. पाण्याचा जोर तरी किती असतो? टाकी २० मीटर उंच असेल तर दर चौरस सें.मी. वर २ किलो. २० मि.मी. च्या भोकावर सुमारे सव्वासहा किलो होतात. साखळी नसती तर हत्यार हातातून उडाले असते.

आट्यांवर लटकलेला हातपंप

नळाच्या बाहेरून आटे पाडणाऱ्या हत्याराला 'डाय' म्हणतात. डाय धातू कापून आटे करते, म्हणजे भिंत आणखी पातळ होते. शिवाय गंजापासून वाचवणारा जस्ताचा मुलामाही तिथे कापला जातो. याचे उदाहरण पुष्कळ गावांत उभे आहे: हातपंप.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडकात विंधन विहिरी घेण्याच्या कामाला वेग आला. पण त्या वेळचे बिडाचे पंप घरगुती वापराचे होते. सगळे गाव पाणी भरू लागल्यावर ते लवकर मोडत. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या संस्थांनी पोलादाचे दणकट पंप तयार केले. सोलापूरच्या पंपावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क दोन' हा पंप घडवला गेला आणि १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक निघाले.

या पंपाच्या आत ३२ मि.मी. चे लोखंडी नळ एकाखाली एक आट्यांनी जोडून लोंबकळत असतात. ३० मीटर खोलीला नळांचे सुमारे ९० किलो आणि आतल्या पाण्याचे २७ किलो असा भार सर्वांत वरच्या आट्यांवर येतो. नळाची भिंत ३.२ मि.मी., पण आट्याच्या तळाशी उरते फक्त दीड मि.मी. पोलादाला एवढा भार तसा काहीच नाही. परंतु पंप मारताना पाण्याचा भार कधी दांडीवर तर कधी नळावर येतो. मिनिटाला ४० वेळा ही ओढ कमीजास्त होते. त्यात आट्यांचा मुलामा गेलेला. आटे उथळ असले, अर्धवट पिळलेले असले आणि गंज लागला, की एक दिवस सांधा सुटतो आणि खालचा सगळा नळ विहिरीत जातो. तो काढता आला नाही तर गावाची विहीरच हातची जाते. दीड मि.मी. धातूवर केवढी जबाबदारी!

करून पाहा

१. एखाद्या जुन्या नळाच्या टोकावरचे दहा आटे पट्टीने मोजा आणि दहाने भागा. पिच मिळेल. एकच आटा मोजण्यापेक्षा ही रीत अधिक अचूक का, ते वर्गात चर्चा करून ठरवा.

२. माझा हिशेब तीन इंची नळासाठी करा. बाहेरचा व्यास ८८.९ मि.मी. आणि भिंत ४ मि.मी. घ्या. अर्ध्या इंची तोटीला सलग किती आटे मिळतात?

३. गळक्या तोटीखाली मोजपात्र ठेवा. वीस थेंबांचा साधारण एक मि.लि. होतो. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी जाते. आपल्या शाळेतल्या सगळ्या तोट्या तपासा आणि हा हिशेब मुख्याध्यापकांना दाखवा.

माझ्या नळावर मिस्त्रींनी बसवलेली 'टी' आजवर एक थेंब गळलेली नाही. ते बिनभिंतीचे भोक असलेला नळाचा तुकडा मी जपून ठेवला आहे. साध्या यंत्रांचा धडा आला की तो वर्गात फिरवतो आणि मुलांना विचारतो, "सांगा पाहू, हे आटे धरणार कशाला?"